बागेत राहिलेले शब्द

आमच्या घरात स्पेन हा देश कधी स्पेन नव्हताच; तो 'अंदलूस' होता. माझे मोठे चाचा उर्दू शाळेत मास्तर होते. रात्रीची जेवणं झाली, की अंगणात खाट टाकून ते अंदलूसच्या गोष्टी सांगत. जवळजवळ आठशे वर्षांचं राज्य, कुर्तुब्याची मशीद, गरनाट्याचा महाल... गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी एकाच ठिकाणी संपायची. चाचा सुस्कारा टाकत आणि म्हणत, ''सब गया, बेटा.'' इक्बाल १९३३ मध्ये कॉर्दोबाला जाऊन आले आणि त्या मशिदीवर त्यांनी मोठी कविता लिहिली. चाचांना ती पाठ होती. मी मात्र मराठी शाळेत गेलो, बी. ए. झालो आणि मराठीत कविता लिहायला लागलो. चाचांचं दुःख मला कळायचं, पण ते माझं आहे असं कधी वाटायचं नाही.

माझी धाकटी मुलगी २०२२ मध्ये वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरी गेली. पुढच्या वर्षी रमजान ईद आटोपली आणि मी तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी तिथला जुना राजवाडा, अल्काझार, बघायचं ठरलं होतं. पण रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. एप्रिल अजून संपला नव्हता आणि पारा ३५च्या पुढे गेला होता. अर्ध्या तासानं मुलगी म्हणाली, ''अब्बा, भाजून निघाल इथं. चला, बागेत जाऊन बसू.'' अशा रीतीनं मी मारिया लुईसा बागेत गेलो. पुढचे तीन आठवडे, एखाद-दुसरा दिवस सोडला, तर रोज जात राहिलो. आज त्या बागेविषयीच बोलणार आहे.

सेव्हिलच्या कडेनं ग्वादलकिवीर नदी वाहते. नाव उच्चारायला अवघड वाटलं, तरी मूळ अरबी शब्द आपल्याला परका नाही. 'अल्-वादी अल्-कबीर', म्हणजे मोठी नदी. आपला कबीर तिच्या नावात बसलेला आहे. या नदीपासून जवळच सुमारे ३४ हेक्टरांवर ही बाग पसरली आहे. एकोणिसाव्या शतकात ती सार्वजनिक नव्हती. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याची गादी १८४८च्या क्रांतीत गेली. त्याचा धाकटा मुलगा, ड्यूक ऑफ माँपॉन्सिए, पॅरिस सोडून पत्नीच्या देशात आला. पत्नी म्हणजे स्पेनची राणी दुसरी इसाबेल हिची बहीण मारिया लुईसा. या जोडप्यानं १८४९ मध्ये सेव्हिलमधला सान तेल्मो राजवाडा विकत घेतला आणि त्यामागच्या जागेत मोठी बाग फुलवली. अर्थात स्वतःसाठी.

पतीच्या निधनानंतर, १८९३ मध्ये, मारिया लुईसानं या बागेचा मोठा भाग सेव्हिल शहराला देऊन टाकला. राजघराण्यातल्या एका बाईनं आपल्या हयातीत आपली बाग गावाच्या हवाली केली, एवढं एक वाक्य त्या बागेचा अर्धा इतिहास सांगतं. बागेला तिचंच नाव मिळालं.

उरलेला अर्धा इतिहास एका माळ्याचा आहे. माळी म्हणजे अर्थात मोठा माणूस. झां-क्लोद निकोला फोरेस्तिए हा पॅरिसच्या बुआ द बुलोन्य या प्रचंड उद्यानाची देखभाल करणारा अधिकारी. सेव्हिलला मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यासाठी बागेची नव्यानं आखणी करायला १९११ मध्ये त्याला बोलावण्यात आलं. फ्रान्समधल्या राजबागांची ऐट त्याला ठाऊक होती. लांबच लांब सरळ रस्ते, उघडी हिरवळ, आभाळात उडणारी कारंजी. ते सगळं तो इथं आणू शकला असता. पण सेव्हिलचा उन्हाळा पॅरिसचा नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये इथं पारा चाळिशी सहज ओलांडतो. फोरेस्तिएनं ग्रानादातली अल्हम्ब्रा आणि हेनेरालिफे यांच्या बागा आणि सेव्हिलच्या अल्काझारची बाग डोळ्यांपुढे ठेवल्या. हेनेरालिफे हा 'जन्नत-अल्-अरीफ' या शब्दांचा अपभ्रंश मानला जातो. आणि 'जन्नत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बागच आहे.

त्या बागांचं शास्त्र काय, हे मला बागेत बसून हळूहळू उमगलं. पहिली गोष्ट पाण्याची. उंच उडणारं कारंजं वाऱ्यावर निम्मं पाणी उधळतं. इथली कारंजी बुटकी, काही तर जमिनीलगत. बारीक धार छोट्या हौदात पडते आणि भरलेल्या हौदातून पाणी चिंचोळ्या पाटानं पुढच्या हौदात जातं. थोडं पाणी सावकाश वाहू दिलं, तर ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, त्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते आणि शेवटी झाडाच्या मुळाशी जातं. एकाच पाण्यानं चार कामं होतात. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटलं.

दुसरी गोष्ट सावलीची. ही बाग एकदम सगळी दिसत नाही. झाडांच्या आणि छाटलेल्या मेंदीसारख्या कुंपणांच्या भिंती करून तिच्यात जागोजागी गोल चौक काढलेले आहेत. त्यांना 'ग्लोरिएता' म्हणतात. प्रत्येक चौक म्हणजे एक बिनछपराची खोली. मध्ये हौद, भोवती कट्टे, कट्ट्यांवर रंगीत झिलईच्या फरशा. पायवाटा पिवळ्या मातीच्या. बाहेरची तापलेली हवा आत शिरायला वाट नसते. अठरा एप्रिल १९१४ रोजी ही बाग लोकांसाठी खुली झाली.

तिसरी गोष्ट शब्दांची. एके दिवशी एक म्हातारा माळी पाटातला पालापाचोळा काढत होता. मी मुलीला म्हटलं, विचार त्याला, या पाटाला काय म्हणतात? तो म्हणाला, 'आसेकिया'. मी चमकलो. अरबीत 'अस्-साकिया' म्हणजे पाण्याचा पाट. गझलेतला साकी त्याच धातूपासून आला. मद्याचा प्याला त्याच्या हाती नंतर आला. मूळचा तो पाणी पाजणारा. मग मला नादच लागला. हौदाला काय म्हणता? 'आल्बेर्का', अरबी 'अल्-बिरका'. रहाटाला? 'नोरिया', अरबी 'नाऊरा'. त्या सुगंधी पानांच्या कुंपणाला? 'आरायान', अरबी 'अर्-रैहान', ज्यावरून आमच्याकडे मुलाचं नाव रेहान ठेवतात. जाईसारख्या त्या वेलीला? 'खास्मिन', म्हणजे यास्मिन. कट्ट्यावरच्या फरशीला? 'आसुलेखो'. स्पॅनिशमध्ये निळ्याला 'आसुल' म्हणतात, म्हणून पुष्कळांना वाटतं, हा शब्द निळ्या रंगावरून आला. तसं नाही. अरबी 'अझ्-झुलैज' म्हणजे घासून गुळगुळीत केलेला दगड, त्यावरून तो आला.

शेवटी मी झाडावरच्या फळाकडे बोट दाखवलं. सेव्हिलच्या रस्तोरस्ती आणि या बागेत कडू संत्र्याची झाडं आहेत. फळ दिसायला देखणं, पण तोंडात घालवत नाही. इंग्रजांच्या मार्मलेडसाठी ते पूर्वापार तिकडे जातं. माळी म्हणाला, 'नारान्खा'. मी मुलीला म्हटलं, याला सांग, हा शब्द आमच्याकडून आलाय. संस्कृतातलं 'नारंग' फारसीत गेलं, तिथून अरबीत 'नारंज' झालं आणि अरबांबरोबर झाडासकट स्पेनमध्ये उतरलं. संस्कृतात तो शब्द दक्षिणेतल्या भाषांमधून आला असावा, असं भाषेचे जाणकार सांगतात. आपण आजही 'नारिंगी' रंग म्हणतो. माळ्यानं ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि विचारलं, ''तुमच्याकडचं नारिंग तरी गोड आहे का?'' मी म्हटलं, नागपूरला या, दाखवतो.

या झाडांची फुलं मार्चमध्येच येऊन गेली होती. फुलांना तिथे 'आसाआर' म्हणतात. अरबी 'जहर' म्हणजे फूल. मुलीनं त्यातलं एक वहीत ठेवलं होतं. वाळून तपकिरी झालं होतं, पण वही उघडली की अजून मंद वास येत होता.

आता इतिहासाचा तो भाग, जो चाचा सुस्कारा टाकून सांगायचे. सेव्हिल १२४८ मध्ये ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो यानं जिंकलं. ग्रानादा १४९२ मध्ये पडलं. त्याच वर्षी स्पेनमधल्या ज्यूंना देश सोडायला लावलं. पुढे कास्तियाच्या राज्यातल्या मुसलमानांना १५०२ मध्ये सांगण्यात आलं, की धर्म बदला नाहीतर जा. ज्यांनी धर्म बदलला त्यांनाही सुख लागलं नाही. त्यांना 'मोरिस्को' हे नाव पडलं, त्यांच्यावर संशय राहिला आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आलं. सेव्हिलमध्ये ती दवंडी १६१०च्या जानेवारीत पिटली गेली. बाप्तिस्मा घेऊन शंभर वर्षं झालेली ती माणसं होती. त्यांत बागाईत करणारे होते, पाटाचं पाणी फिरवणारे होते.

चाचा सांगत नसत असाही एक भाग आहे. तो मी नंतर वाचला. सेव्हिलचा प्रसिद्ध मनोरा, हिराल्दा, ज्यांनी बाराव्या शतकात बांधला, त्या अल्मोहाद राज्यकर्त्यांनी ज्यूंचा छळ केला. थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीस याच्या कुटुंबाला त्यांच्यामुळेच कॉर्दोबा सोडावं लागलं. बागा लावणारे सगळे संत नव्हते. सत्ता हाती आली, की बाग लावणाराही कुंपण घालतो.

एक योगायोग सांगतो. सेव्हिलमधून पाण्याची माणसं बाहेर काढली जात होती, त्याच १६१० साली आमच्याकडे मलिक अंबर खडकी वसवत होता. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर मूळचा हबसाणातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढच्या काही वर्षांत त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. माझं बालपण त्या नहरीच्या हौदांवर गेलं. त्यामुळे सेव्हिलच्या बागेत पाटाचा आवाज ऐकताना परक्या गावी आल्यासारखं वाटेना. कॅथीड्रलच्या आवारात नारिंगांचा एक चौक आहे. पूर्वीच्या मशिदीचा तो वजूचा चौक. तिथे आजही विटांचे पाट एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जातात. मशीद गेली, पाट राहिले.

मग तीनशे वर्षांनी एक फ्रेंच माणूस येतो आणि घालवून दिलेल्यांची बागेची विद्या उचलून सार्वजनिक बागेत मांडतो. गंमत म्हणजे त्याच काळात स्पेनचं सैन्य मोरोक्कोत लढत होतं. बागेतल्या एका कृत्रिम टेकडीला लोक 'गुरुगू' म्हणतात. ते मेलियाजवळच्या त्या लढायांतल्या डोंगराचं नाव. पाट त्यांच्या पूर्वजांचा आणि टेकडी त्यांच्याशी झालेल्या लढाईची, असं हे मिश्रण आहे.

बागेच्या दक्षिण टोकाला प्लासा दे आमेरिका नावाचा चौक आहे. तिथे कबुतरांचे थवे आणि त्यांना दाणे घालणारी पोरं. त्या चौकात १९१४ मध्ये पूर्ण झालेली एक देखणी इमारत आहे, 'मुदेहार मंडप'. आता त्यात लोककलांचं संग्रहालय आहे. ख्रिस्ती राजवटीत मागे राहिलेल्या मुसलमानांना मुदेहार म्हणत आणि त्यांच्या हातच्या वीट-फरशी-लाकडाच्या कामालाही तेच नाव पडलं. अल्काझारमधला राजा पहिला पेद्रो याचा महाल १३६४ मध्ये बांधायला घेतला, तो याच शैलीचा. शब्दाचं मूळ मी शोधलं. अरबी 'मुदज्जन', म्हणजे राहू दिलेला. दुसरा अर्थ, माणसाळवलेला. पाळीव जनावराला वापरतात त्याच धातूतला.

त्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. साहित्याच्या मेळाव्यात कविता वाचून खाली उतरलो, की कुणीतरी खरोखर प्रेमानं माझा हात धरतं आणि म्हणतं, ''तुमचं मराठी किती छान आहे हो!'' मी हसून आभार मानतो. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्या मराठीतच. मी मराठीत पाहुणा आलो नाही आणि कुणी मला राहूही दिलेलं नाही. पण त्या भल्या माणसाला हे कसं सांगायचं? 'मुदेहार' हा शब्द कळला आणि इतकी वर्षं नाव नसलेल्या सलाला नाव मिळालं.

बागेच्या मधोमध कवींसाठीही एक जागा आहे. गुस्ताव्हो आदोल्फो बेकेर हा सेव्हिलमध्ये १८३६ मध्ये जन्मलेला कवी. लहानपणीच पोरका झाला, माद्रिदला जाऊन वर्तमानपत्रांत राबला आणि १८७० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला. हयातीत त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं नाही. १८६८च्या क्रांतीच्या धामधुमीत त्याचं हस्तलिखित हरवलं, तेव्हा त्यानं कविता आठवून आठवून पुन्हा लिहून काढल्या. मित्रांनी त्या १८७१ मध्ये छापल्या. आज स्पॅनिश शिकणाऱ्या मुलाला त्या माहीत असतात. किंतेरो बंधू या नाटककारांनी एक नाटक लिहून त्याच्या उत्पन्नातून बेकेरचं स्मारक उभारलं, १९११ मध्ये. एका जुन्या प्रचंड सुरूसारख्या झाडाच्या बुंध्याभोवती संगमरवरी कट्टा आहे. कट्ट्यावर तीन स्त्रिया बसल्या आहेत. एकीचं प्रेम यायचं आहे, एकीचं आलं आहे, तिसरीचं सरलं आहे. शिल्पकार कुलोत व्हालेरा यानं कवीचा अर्धपुतळा बाजूला ठेवून झाडाला मध्य दिला. लोक त्या स्त्रियांच्या मांडीवर फुलं ठेवून जातात. रोज कुणाचं तरी ताजं फूल असायचंच.

फोरेस्तिएच्या बागेचं निमित्त ठरलेलं ते प्रदर्शन १९२९ मध्ये भरलं. त्यासाठी वास्तुकार अनिबाल गोन्सालेस यानं बागेच्या कडेला प्लासा दे एस्पान्या हा अर्धवर्तुळाकार चौक बांधला. विटांची भव्य इमारत, तिच्यापुढे अर्ध्या किलोमीटरचा कालवा, त्यावर स्पेनच्या चार जुन्या राज्यांच्या नावानं चार पूल. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२च्या चित्रपटात हीच इमारत कैरो म्हणून दाखवली होती, हे अनेकांना आठवत असेल. इमारतीच्या पायाशी स्पेनच्या प्रांतांची ४८ बाकं आहेत. प्रत्येक बाकावर फरशांमधून त्या प्रांतातल्या इतिहासाचा एक प्रसंग रंगवला आहे. स्पॅनिश माणसं आपापल्या प्रांताचं बाक शोधतात आणि त्यावर बसून कुटुंबाचा फोटो काढतात.

आता ही जागा सगळ्यांची राहील की नाही, यावर वाद निघाला आहे. मी परत आल्यावर, २०२४च्या फेब्रुवारीत, सेव्हिलच्या महापौरांनी विचार मांडला, की पर्यटकांची गर्दी फार वाढली. हा चौक बंदिस्त करावा, बाहेरच्यांकडून शुल्क घ्यावं, गावकऱ्यांना मोफत ठेवावं. त्या पैशातून देखभाल आणि राखण होईल. केंद्र सरकारनं त्याला विरोध केला. महापौरांचं म्हणणं अगदीच चूक म्हणता येत नाही. फरशा फुटतात, चोरीला जातात, दुरुस्तीला पैसा लागतो. पण फाटक आलं, की फाटकावर माणूस येतो आणि तो विचारतो, तुम्ही इथले का? १८९३ मध्ये मारिया लुईसानं जे दिलं, त्यात हा प्रश्न नव्हता. सार्वजनिक बाग म्हणजे जिथे आत येताना तो प्रश्न कुणी विचारत नाही, अशी जागा. माणसांना अशा जागा फार थोड्या लाभतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ग्रानादाचं बाक शोधलं. अपेक्षेप्रमाणे त्यावर १४९२ होतं. शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, शहराच्या किल्ल्या राजाराणीच्या हवाली करतो आहे. चाचांचा सुस्कारा जिथे सुटायचा, नेमका तोच क्षण. मी त्यावर बसलो. पाठीशी पराभवाचं चित्र होतं, पण ज्या फरशीवर ते काढलंय तिचं नाव अरबी. समोर कालवा, शेजारी आइस्क्रीम खाणारं एक जोडपं. मला चाचांची आठवण आली. त्यांना सांगावंसं वाटलं, सगळं नाही गेलं चाचा. पाणी राहिलं, शब्द राहिले. लोक रोज तोंडात घोळवतात, त्यांना ठाऊकही नसतं.

या बाकांच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवण्यासाठी छोटे कप्पे आहेत. त्या त्या प्रांताची माहिती तिथे बसून वाचता यावी, ही बांधणाऱ्याची कल्पना. आता लोक त्यांत आपली वाचून झालेली पुस्तकं ठेवतात, दुसऱ्यांची नेतात. माझ्या पिशवीत माझ्या कवितासंग्रहाची एक प्रत होती. पहिल्या पानावर सही करून, तारीख घालून मी ती ग्रानादाच्या कप्प्यात ठेवली. मुलगी हसली. ''अब्बा, इथं मराठी कोण वाचणार?'' मी म्हटलं, ''राहू दे गं.''

जुलैमध्ये शहर सोडण्यापूर्वी ती तिथे जाऊन आली. कप्प्यात एक स्वयंपाकाचं पुस्तक होतं आणि एक फाटका शब्दकोश. माझा संग्रह नव्हता. सफाईत गेला असेल किंवा कुणी घरी नेला असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)